बुरशीची राखण

हळू — हळू बोला की हो, पोरगं आत्ता कुठं झोपलंय. आणि तो डबा तिथंच ठेवा, पायरीवर. नाही, आत नाही. आत नाही म्हटलं ना? शिडीसुद्धा तिथंच, भिंतीला टेकवा — टेकवा बिनधास्त, जिन्याच्या भिंतीला काही होत नाही, ती कोरडी ठणठणीत आहे, माझ्या पोराच्या खोलीची तेवढी ओली. साखळी? साखळी राहू दे दाराला. एवढ्या फटीतून मला तुम्ही दिसता, तुम्हाला मी दिसते, बोलायला तेवढं पुरे. पेटिग्रूनं पाठवलं ना तुम्हाला? वाटलंच. ज्या घरमालकाला आजवर माझा फोन उचलायला सवड नव्हती, त्याला आज सकाळी अचानक आठवण झाली — अरे, तिसऱ्या मजल्यावरच्या लॉर्नाच्या घराला रंग द्यायचा राहिला! कळवळा बघा केवढा. मी ओळखते तुम्हाला, मिस्टर टॉश. तुम्ही मला ओळखत नसाल, तुम्हाला शंभर घरं, पण मी ओळखते. मागच्या हिवाळ्यात आलात, त्याच्या आदल्या हिवाळ्यातही आलात. त्या पहिल्या वेळेला मी चहा दिला, तुम्ही तो उभ्याउभ्या प्यालात, आणि जाताना कप स्वतः विसळून ठेवलात. माझ्या नवऱ्याला, डगीला मी म्हटलं होतं, शिक काहीतरी त्या रंगाऱ्याकडून. म्हणजे माणूस म्हणून माझं तुमच्याशी काही नाही. पण आज चहा नाही, आणि रंगही नाही.

का नाही? तुम्हाला खरंच माहीत नाही, की सोंग घेताय? बरं, सांगते. उद्या लवादाची माणसं येणार आहेत इथं. घरमालक-भाडेकरूंचा लवाद — मी तक्रार केली होती, वाट बघून बघून माझे डोळे शिणले, आणि आता अखेर ते स्वतः येणार, खोलीत उभे राहणार, भिंत डोळ्यांनी बघणार. उद्या. आणि आज कोण आलंय? तुम्ही. पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन. आता मला सांगा, तुम्ही चार तासांत ती भिंत पांढरीशुभ्र करून गेलात, तर उद्या ती माणसं काय बघणार? माझं तोंड? पेटिग्रू बाजूला उभा राहून म्हणणार, बघा साहेब, कुठं आहे बुरशी, बाईंना उगाच सवय आहे कटकटीची. फोटो आहेत की. ढीगभर आहेत. तो म्हणतो, फोटोतली भिंत कुणाचीही असू शकते. म्हणून भिंतच दाखवायची आहे मला, ही भिंत, अशी, जशी आहे तशी. इतकी वर्षं मी ती बुरशी पुसत होते हो, घासत होते, खरवडत होते, तिला शिव्या घालत होते, आणि आता मी तिची राखण करत बसलेय. कुणी हात लावू नये म्हणून. हसू येतंय? हसा. मलाही येतं कधी कधी. या ग्रीनॉक गावात लोक कुत्री पाळतात, मांजरी पाळतात, ही लॉर्ना बुरशी पाळते.

नाही, ऐकून घ्या आता. आलाच आहात तर ऐका. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा फर्गस तान्हा होता, आणि ट्रीना नुकती शाळेत जायला लागली होती. खिडकीतून नदी दिसते, पलीकडचे डोंगर दिसतात — दिसतात म्हणजे, पाऊस नसेल तेव्हा, म्हणजे दिसतच नाहीत म्हणा — पण त्या दिवशी दिसले, आणि मी त्या डोंगरांना भुलले. आणि पोरांची खोली! नुकता रंग दिलेली, पांढरीफेक, असा ताजा वास येत होता. मी डगीला म्हटलं, अरे वास घे, नव्या घरासारखं आहे. अगदी छाती भरून घेतला तो वास मी, मूर्खासारखा. पहिला ठिपका दिसला तो पाळण्याच्या मागं, मसुराच्या दाण्याएवढा, काळा. म्हटलं, पोरीनं खडूनं काढलं असेल. पुसला, गेला. आठवड्यानं तिथंच पाच-सहा. मग खाली कोपऱ्यात, मग कपाटाच्या मागं — आणि कपाट पुढं ओढलं तेव्हा, मिस्टर टॉश, मागची अख्खी भिंत काळी होती. काळी म्हणजे रंग दिल्यासारखी नाही, केस आल्यासारखी. हात फिरवला तर बोटांना मऊ लागायची. आणि वास — तळघरात बटाटे विसरून गेलं की येतो ना, तो. पोरांच्या कपड्यांना तोच, उशांना तोच. शाळेत ट्रीनाच्या शेजारी बसायला एक मुलगी नको म्हणाली, तेव्हा मला कळलं की तो वास आमच्यासोबत जिना उतरून बाहेरसुद्धा येतो.

मग बोलावलं पेटिग्रूला. स्वतः आला, त्या उंटाच्या रंगाच्या कोटात. भिंतीवर दोन बोटं टेकवली आणि लगेच रुमालाला पुसली — पुसताना बघितलं मी त्याला. आणि मला विचारतो काय? कपडे कुठं वाळवता, बाई? म्हटलं, घरात. बाहेर वाळवायला तुम्ही आकाश दिलेलं नाही आम्हाला. किटली दिवसातून किती वेळा लावता? आंघोळ करताना दार बंद करता का? सूप शिजवताना झाकण ठेवता का? आणि मग, मान हलवत, शाळामास्तरसारखा म्हणाला — माणूस श्वास सोडतो ना, बाई, त्यातही पाणी असतं, रात्रभर तुम्ही चौघं श्वास सोडता, ते कुठं जाणार? भिंतीवरच जाणार. ऐकलंत? आमचा श्वास! म्हटलं, मग काय करू, भाडं भरायचं घरात आणि श्वास घ्यायला बाहेर जायचं? तर म्हणतो, खिडक्या उघड्या ठेवत जा. बाहेर छपराचं पन्हाळं तुटलंय, त्याचं सगळं पाणी आमच्या भिंतीवरून खाली येतं, रस्त्यावरच्या शेंबड्या पोरालाही दिसतं, मान वर केली की दिसतं — पण त्यानं मान वर केलीच नाही. कोटाची कॉलर वर केली आणि गेला.

आणि ऐकलं हो मी त्याचं! हेच तर सांगतेय. मला वाटलं, शिकलासवरला माणूस आहे, इतक्या घरांचा मालक आहे, असेल आपलीच चूक. जानेवारीत खिडक्या उघड्या टाकल्या. फर्गस टोपी आणि कोट घालून झोपायचा, गळ्याला मफलर, पलंगावर जणू बसची वाट बघत बसलाय. कपडे धुवायला-वाळवायला खाली दुकानात न्यायला लागले. सूप बंद केलं, आठवडे न् आठवडे टोस्ट आणि बीन्स, वाफच नको. डगीनं गोदीतून हवेतलं पाणी ओढणारं मशीन आणलं कुणाकडून तरी, ते रोज बादलीभर पाणी काढायचं — बादलीभर, एका खोलीच्या हवेतून! एवढा श्वास तर आमच्या सात पिढ्यांनी मिळून घेतला नसेल. पलंग भिंतीपासून लांब, खोलीच्या मधोमध आणला. आणि भिंत पुसायची. आधी ब्लीचनं पुसायची, डोळ्यांतून पाणी यायचं, वाटायचं आता मरेल ही. तर तपासायला येते ती नर्स ओरडली माझ्यावर — बाई, ज्याला आधीच घरघर आहे त्या पोराच्या खोलीत हा वास? बुरशीनं अर्धा मारताय, उरलेला यानं माराल. खरं होतं तिचं. मग पोरगं बालवाडीत असलं की तोंडाला फडकं बांधून, कोमट साबणाचं पाणी, फडकी एकदाच वापरायची, पिशवीत घट्ट बांधून टाकून द्यायची, भिंत कोरडी करायची, दार बंद करायचं, तो यायच्या आत हवा खेळवायची. सगळं केलं. आणि एक दिवस त्याचं कापडी बदक हातात घेतलं धुवायला, तर त्याच्या पाठीवर हिरवी लव. ते बदक तो तोंडात कान — म्हणजे बदकाला कान नसतात, तो चोचीला कान म्हणायचा — तो कान चोखत झोपायचा रोज. रोज, मिस्टर टॉश. मी ते कचऱ्यात टाकलं आणि त्याला सांगितलं, बदक उडून गेलं. तर म्हणतो, त्यालापण खोकला झाला होता का?

मग तो सकाळचा प्रकार. शाळेची घाई, मी ट्रीनाची वेणी घालतेय, फर्गस ओट्सची पेज खातोय. खाता खाता चमचा खाली ठेवला. एवढंच. रडला नाही, ओरडला नाही — रडायलाही हवा लागते, हे मला त्या दिवशी कळलं. नुसते खांदे वर-खाली, वर-खाली, आणि गळ्याच्या इथं खड्डा पडायला लागला, प्रत्येक श्वासाला खड्डा. ओठ बघितले तर करवंदी. मी दम्याचा पंप तोंडाला लावला, पुन्हा लावला, काही नाही. त्याचे डोळे माझ्यावर, जणू मलाच काहीतरी विचारतोय. ट्रीना अर्धी वेणी तशीच टाकून तीन मजले खाली पळाली, रुग्णवाहिकेला दार उघडायला, अनवाणी. नऊ वर्षांची पोर. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

वाचला. वाचला ना, नाहीतर मी इथं बोलत उभी राहिले असते का? हॉस्पिटलमध्ये नाकाला नळी, छातीला तारा, आणि तरी मला म्हणतो, आई, इथली हवा गोड आहे. तिथं एक डॉक्टर होती, अडेयेमी नावाची, उंच, हळू बोलणारी. ती पलंगाच्या कडेला बसली, आणि तिनं मला किटलीचं नाही विचारलं. तिनं विचारलं, तो झोपतो ती भिंत ओली आहे का? म्हटलं, आहे. म्हणाली, मग औषधानं मी फक्त वेळ विकत घेतेय तुमच्यासाठी. त्याला त्या खोलीत परत नेऊ नका. किती सोपं वाक्य! दुसरी खोली कुठं आहे ते काही नव्हतं तिच्याकडे, तिचा दोष नाही. पण ती पहिली बाई, जिनं माझं तोंड बघून ठरवलं नाही की घर कसं आहे. आणि आम्ही हॉस्पिटलमध्ये असताना इथं काय झालं? तुम्ही आलात. हो, तेव्हाच आलात तुम्ही, मागच्या हिवाळ्यात, डगीनं दार उघडलं होतं. घरी येऊन बघते तर भिंत पांढरी, आणि पुन्हा तोच ताजा वास. आणि पोरगं टाळ्या पिटतंय, काळी भिंत गेली, काळी भिंत गेली. कुठं गेली? वसंत ऋतू यायच्या आत तुमच्या रंगाला फोड आले, आणि फोड फुटले, आणि आतून ती — तशीच, ताजीतवानी, सुट्टीवरून परत आल्यासारखी.

म्हणून आता मी कुणाला फिरकू देत नाही. रात्री मीच झोपते त्या खोलीत. न जाणो, पेटिग्रूकडे किल्ली आहे, मी स्वयंपाकघरात असताना कुणी येऊन ब्रश फिरवून गेलं तर? साखळी लावते, दाराला खुर्ची लावते, आणि त्या रिकाम्या पलंगावर पाय दुमडून —

काय?

हो. रिकाम्या म्हटलं. रिकाम्याच.

बरं, कशाला उगाच. नाहीये तो इथं. झोपला वगैरे नाहीये कुणी. तुम्ही आलात तसं तोंडातून निघून गेलं — म्हटलं, झोपलेल्या पोराच्या दारावर कुणी धक्के मारत नाही. तुम्ही मारले नसते? मारले नसतेत, दिसतंय. पण मला काय माहीत? पोरगं डनूनला आहे, पलीकडे, आजीकडे. माझ्या सासूकडे. बोटीनं जावं लागतं. ट्रीनासुद्धा तिकडेच, शाळा बदलली तिची. आणि — हो, डगीपण. तिथून बोटीनं कामावर येतो, बोटीनं परत जातो. नाही, भांडण नाही. भांडण कसलं? भांडायला माणसं एका घरात लागतात. तो म्हणतो, लॉर्ना, सोड. पोरगं तिथं धावतंय, पंप खिशातून निघत नाही, गाल वर आलेत, आणखी काय पाहिजे तुला? किल्ली पेटिग्रूच्या तोंडावर फेक आणि ये. आणि सासू म्हणते, तुला नवरा-पोरांपेक्षा भिंत प्यारी. असं म्हणाली ती, जेवणाच्या टेबलावर, पोरांसमोर. मी सूप पीत राहिले. मागच्या रविवारी गेले होते तर फर्गस मला त्याची खोली दाखवायला घेऊन गेला. माझी खोली, म्हणतो. आजीची माळ्यावरची खोली हो ती, पण म्हणतो, माझी. मी म्हटलं, बाळा, आपण घरी जाऊ लवकरच. तर विचारतो, काळी भिंत आहे अजून? मी काय सांगू? मी तर तिची राखण करतेय! म्हटलं, आहे. तर म्हणतो, मग तू ये ना इकडे, तू का तिच्याजवळ राहतेस? आणि परतीच्या बोटीत मी वर उघड्यावर उभी राहिले, पावसात, म्हणजे तोंड ओलं का आहे ते कुणी विचारू नये.

तर प्रश्न बरोबरच आहे ना त्याचा. का राहते? तुम्हीही तेच विचारताय, तोंडानं नाही पण कपाळानं विचारताय. सांगते. कारण मी गेले की काय होणार, ते मला ठाऊक आहे. मी किल्ली दिली की दुसऱ्या दिवशी तुम्ही येणार, हाच डबा घेऊन. भिंत पांढरी होणार. आणि मग कुणी तरी बाई येणार, कडेवर पोर, तिला नदी दिसणार, डोंगर दिसले तर दिसणार, आणि ती छाती भरून वास घेणार आणि नवऱ्याला म्हणणार, अरे, नव्या घरासारखं आहे. मला तिचं नावसुद्धा माहीत नाही, मिस्टर टॉश, पण मला तिचं तोंड दिसतं. डगीला हे कळत नाही. तो म्हणतो, जगाचं तू बघणार का? नाही हो, जगाचं नाही, या एका भिंतीचं बघणार. दोनदा तुम्ही ती झाकलीत, तिसऱ्यांदा मी झाकू देणार नाही, बस्स.

काय म्हणालात? चौथ्यांदा?

नाही, नाही. चुकताय तुम्ही. मागचा हिवाळा एक. त्याच्या आधीचा, दोन. आजचं तीन — आणि आजचं होणारच नाहीये. चौथं कुठून आणलंत? … कधी? … आम्ही यायच्या आधी.

थांबा. थांबा जरा. साखळी काढते मी. नाही, डबा उचलू नका, फक्त माझ्याकडे बघून बोला. आम्ही यायच्या आधी तुम्ही ही भिंत रंगवलीत? हीच? बुरशी होती तेव्हा? तेवढीच? … आणि घरात कोण होतं? सामान होतं? सामान होतं तर माणसं होती. मला सांगा. … पाळणा. कुठं होता? खिडकीखाली की — भिंतीला लागून. तुम्ही सरकवलात तो? स्वतःच्या हातानं? आत बाळ — नाही, आत नव्हतं. ते कुठं होतं मग? … तिच्या कडेवर. आणि खोकत होतं.

मुलगा की मुलगी? … मुलगी. पुढं काय झालं तिचं? नाही, बरोबर आहे, तुम्हाला कसं माहीत असणार. रंगारी रंग देतो आणि जातो.

म्हणजे त्याला माहीत होतं. जेव्हा तो त्या कोटात इथं उभा राहून मला विचारत होता, किटली किती वेळा लावता, तेव्हा त्याला माहीत होतं. आम्ही यायच्या आधीपासून ती भिंत काळी होती. आमचा श्वास नव्हताच हो तो! आमची किटली नाही, आमचे कपडे नाहीत, माझं सूप नाही. मी पोरांना आठवडे न् आठवडे कोरडं खायला घातलं. मी फर्गसला म्हणायचे, तोंड उघडं ठेवून झोपू नकोस राजा — असं म्हणायचे मी त्याला. श्वास कमी सोड म्हणून सांगायचं राहिलं होतं फक्त.

नाही, मी ठीक आहे. हात लावू नका. ठीक आहे मी.

मिस्टर टॉश, हे उद्या बोलाल? इथं, याच दारात, लवादासमोर? एवढंच — मी तेव्हा ही भिंत रंगवली होती, ती तेव्हाही काळी होती. एक वाक्य. मग घरी जा. … हं. … हं. बोला ना. नाही बोलणार. त्याच्या सगळ्या इमारतींचं काम तुमच्याकडे आहे. कळलं. आणि तुमचे गुडघे, आणि या वयात दुसरं काम कोण देणार. तेही कळलं. मी तुम्हाला दोष देत नाही. देते — थोडा देते, खोटं कशाला बोलू? तुम्ही तो पाळणा सरकवलात, काम केलंत, आणि पुन्हा जागेवर लावलात. भिंतीला लागूनच लावलात ना? खाली बघू नका. मी काही पाद्री नाही.

बघायची आहे? बघा की. या आत. तुमच्यापेक्षा जास्त हक्क कुणाचा आहे तिच्यावर? डबा बाहेरच राहू दे, ब्रशही तिथंच ठेवा, खिशातला कपडासुद्धा. पाय पुसू नका, काही फरक पडत नाही. ही बघा. दिवा लावते. खालून वर चढलीये ती, खिडकीच्या चौकटीपर्यंत, आणि आता छताला हात लावलाय तिनं. तिथं तो कोपरा दिसतो, करडा, तो तुमचा पहिला रंग आहे, त्यावरचा पिवळट दुसरा — म्हणजे दुसरा-तिसरा, आता हिशेबच बदलला. अहो, अहो! नखानं उकरू नका! उद्यापर्यंत एक पोपडाही पडता कामा नये. माझ्या पोरांना मी इतकं जपलं नव्हतं, म्हणतील लोक. खोकताय तुम्ही. आलात आणि दोन मिनिटांत खोकताय. बघा. आणि तो चार वर्षांचा होता, त्याची छाती ती केवढी, माझ्या एका तळव्यात मावायची. चला, बाहेर चला, पुरे झालं. इथं उभं राहायला नको तुम्ही.

काय? नाही. नाही हो, भला विचार आहे तुमचा, पण नाही. घरात कुणी नव्हतं, दार वाजवून परत आलो — असं सांगणार पेटिग्रूला? म्हणजे तुमचंही भागलं आणि माझंही, असं वाटतं तुम्हाला. घरात कुणी नव्हतं म्हटलंत की तो उद्या पहाटे स्वतः किल्ली घेऊन येईल, आणि सोबत तुमच्यापेक्षा तरणा कुणीतरी आणेल, ज्याच्या गुडघ्यांना काही होत नाही. आणि दुसरं म्हणजे, मी आहे की घरात. मी आहे इथं. मी काय लपून बसलेय का कपाटात? तुम्ही त्याला सांगा, बाई घरात होती. दारात उभी होती. दोन दिवस आधी कळवल्याशिवाय कुणाला आत घेत नाही म्हणाली, कायदा माहीत आहे तिला म्हणाली. तोंड फार चालतं तिचं, हेही सांगा, ते त्याला माहीतच आहे. आणि सांगा, उद्याही ती असणार आहे, परवाही असणार आहे, त्यानं पन्हाळं बसवून, भिंत मुळापासून उकरून, कोरडी करून दाखवेपर्यंत असणार आहे, आणि मग पोरांकडे डनूनला राहायला जाणार आहे, त्याच्या कोरड्या घरावर लाथ मारून. हो, तेव्हाच. ओली सोडून नाही जाणार, कोरडी करून सोडणार. तेवढं सांगा.

उचला डबा. शिडी तिरकी धरा, वळणावर अडकते. खालची मिसेस बायरन कठड्याला ओरखडा गेला तरी बोंब ठोकते.

काय विचारलंत? ऐकू नाही आलं, वर बघून बोला. … उद्या? सकाळी, दहाच्या सुमाराला येतील म्हणे. का?

का विचारताय, मिस्टर टॉश?

बरं, नका सांगू. यायचं असेल तर रिकाम्या हातांनी या. नसेल यायचं तर नका येऊ, मी आहेच. जा आता, दार लावायचंय मला.